हरणांची शिकार केल्याने पीक वाचते का? अहिल्यानगर जिल्ह्यातील काळवीट, रानडुक्कर आणि पीक संरक्षण

रब्बी ज्वारी आणि हरभरा उगवून आला की कर्जत, श्रीगोंदा, जामखेड भागातील माळाकडेच्या शेतांत काळविटांचे कळप उतरतात. बागायती पट्ट्यात ऊस, मका आणि भुईमुगावर रात्री रानडुकरांची धाड पडते. दुबार पेरणीचा खर्च, रात्रीची राखण आणि हाती येता येता गेलेले पीक यामुळे शेतकरी वैतागतो. त्यातच मोबाईलवर परदेशातील हरणांच्या शिकारीचे व्हिडिओ येतात आणि एक प्रश्न हमखास विचारला जातो: "तिकडे सरकारच हरणे मारायला सांगते, मग आपल्याकडे का नाही?"

प्रश्न रास्त आहे. परदेशात शिकार का केली जाते, तिचा उपयोग कुठे झाला व कुठे झाला नाही, आपल्याकडे कायदा कोणत्या जनावरासाठी काय सांगतो आणि पीक वाचवण्यासाठी प्रत्यक्षात काय करता येते, याची माहिती या लेखात घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचे

- न्यूझीलंडसारख्या काही देशांत हरणांची शिकार करून संख्या कमी केली जाते, तिथे ती हरणे बाहेरून आणलेली आहेत. आपले काळवीट इथलेच आहे.
- काळवीट व चिंकारा अनुसूची १ मध्ये आहेत. पिकाचे नुकसान केले म्हणून त्यांना मारण्याची परवानगी मिळत नाही.
- रानडुक्कर व रोही अनुसूची २ मध्ये आहेत. उभ्या पिकाचे नुकसान होत असेल तर वन विभागाच्या लेखी परवानगीने त्यांची शिकार करता येते.
- पिकाचे नुकसान जनावरांच्या एकूण संख्येपेक्षा शेताची जागा आणि पिकाची अवस्था यांवर जास्त अवलंबून असते.
- कुंपणात घरगुती विजेचा प्रवाह सोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात माणसे मरतात.

परकी हरणे आणि शिकार: जगातील अनुभव

न्यूझीलंडमध्ये वटवाघळे सोडली तर जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी मूळचा नव्हता. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश वसाहतवाल्यांनी शिकारीच्या हौसेसाठी तिथे लाल हरीण नेऊन सोडले. त्याला खाणारे जनावर नव्हते आणि चाऱ्याला तोटा नव्हता. हरणे इतकी वाढली की डोंगरउतारावरील जंगलाची नवी रोपे उगवेनाशी झाली. १९३० च्या दशकात सरकारने पगारी शिकारी नेमले. त्यांनी वर्षानुवर्षे हरणे मारली, तरी दुर्गम डोंगरांत संख्या आटोक्यात येत नव्हती. १९६० च्या दशकात हरणाच्या मांसाला परदेशी बाजार मिळाला, हेलिकॉप्टरमधून शिकार सुरू झाली आणि मगच संख्या झपाट्याने घटली. आजही तिथे हरणे आहेत आणि शिकार चालूच ठेवावी लागते.

आपल्याकडची हरणेही अशीच परक्या मुलखात गेली आहेत. आपला चितळ १८६८ मध्ये हवाई बेटांवर नेण्यात आला. आज तिथल्या माउई बेटावर कुरणे व शेतीचे मोठे नुकसान चितळ करतात. आपले काळवीट १९३२ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात सोडण्यात आले. तिथे ते 'परदेशी जनावर' मानले जाते. त्याच्या शिकारीला हंगामाचे बंधन नाही. शिकारी पैसे मोजून खासगी रानात काळवीट मारतात.

टेक्सासमधील ही शिकार मात्र संख्या संपवण्यासाठी नाही. काळवीट मारायला येणाऱ्या पाहुण्याकडून जमीनमालकाला उत्पन्न मिळते, म्हणून तो काळवीट टिकवून ठेवतो. शिकार म्हटली की जनावर कमी होणारच, असे नसते. शिकार कशासाठी केली जाते यावर ते ठरते.

भारतातही परक्या हरणाचे एक ठळक उदाहरण आहे. ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंदमान बेटांवर चितळ सोडले. तिथे वाघ नाही, बिबट्या नाही, रानकुत्रा नाही. चितळ बेटामागून बेट पसरले आणि जंगलातील कोवळी रोपे खाऊ लागले. अंदमानच्या जंगलासाठी चितळ परका आहे, पण भारतासाठी तो देशी आहे, म्हणून कायद्याचे संरक्षण त्याला तिथेही आहे. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात परक्या आक्रमक प्रजातींसाठी कलम ६२अ आले, पण त्यात 'भारतात मूळची नसलेली प्रजाती' अशी व्याख्या आहे. चितळ त्यात बसत नाही.

शिकारीने संख्या केव्हा घटते?

याचा हिशेब शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्याला सहज कळेल. समजण्यासाठी १०० काळविटांचा कळप धरू. त्यात ६० माद्या आणि ४० नर आहेत.

- वर्षभरात ५० माद्या व्याल्या आणि प्रत्येकीला एक पिल्लू झाले.
- लांडगे, मोकाट कुत्री व आजार यांतून निम्मी वाचली, म्हणजे २५ पिल्ले.
- म्हातारी व आजारी मिळून मोठी १० जनावरे मेली.
- वर्षअखेर कळप ११५ झाला.

हा कळप १०० वर ठेवायचा तर दरवर्षी १५ जनावरे काढावी लागतील. कमी करायचा तर त्याहून जास्त, तीही मुख्यतः माद्या. शिंगांसाठी नर मारले तर फरक पडत नाही, कारण एक नर अनेक माद्यांना पुरतो. ४० पैकी १५ नर गेले तरी पुढच्या वर्षी पिल्ले तितकीच होतात, उलट वयात येणाऱ्या नव्या माद्यांमुळे थोडी जास्तच. एक वर्ष शिकार करून पुढची दोन वर्षे थांबले तरी कळप पुन्हा पहिल्या जागी येतो.

रानडुकराचा हिशेब याहून अवघड आहे. मादी साधारण चार महिन्यांत वितेव्याला येते आणि एका वेताला चार ते सहा पिल्ले देते. चारा भरपूर असेल तर माद्या लवकर वयात येतात. ऊस आणि मक्याच्या पट्ट्यात चारा भरपूर असतोच. म्हणून दोन-चार डुकरे मारून गावातील डुकरांची संख्या कमी होत नाही. त्या रात्रीपुरते त्या शेताचे नुकसान थांबते, एवढाच त्याचा उपयोग.

संख्या निम्मी झाली म्हणून नुकसान निम्मे होईलच, असेही नाही. उन्हाने करपलेल्या माळाला लागून एकच हिरवे शेत असेल तर २०० जनावरे असोत की १००, ती त्याच शेतात येतील. ज्याचे शेत कडेला आहे त्याचा त्रास शिकारीने फारसा हलका होत नाही.

अहिल्यानगरमध्ये शेतात कोण येते?

काळवीट: कर्जत तालुक्यातील रेहेकुरी काळवीट अभयारण्य १९८० मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र फक्त २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे ५३६ एकर आहे. एवढ्या रानात वाढता कळप वर्षभर भागणार नाही हे उघड आहे. कळप आजूबाजूच्या माळावर, पडीक रानात आणि शेतात चरतो. रेहेकुरीबाहेरही जिल्ह्याच्या कोरडवाहू भागात काळवीट आहे. कोपरगावच्या सीमेला लागून असलेल्या येवला तालुक्यात ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्रातही त्याचे कळप आहेत.

काळवीट हे मोकळ्या गवताळ रानाचे जनावर आहे. दाट झाडी किंवा उंच उसात ते शिरत नाही, कारण लांबचे दिसले नाही तर त्याला पळता येत नाही. ते मुख्यतः दिवसा, सकाळी व दुपारनंतर चरते. पूर्वी या माळावर पावसाळ्यानंतर गवत आणि मधूनमधून कोरडवाहू ज्वारी-बाजरी असे. पुढे कुकडीचे पाणी श्रीगोंदा-कर्जतपर्यंत आले, विहिरी-बोअर वाढले, माळ फोडून शेती झाली. जनावर होते तिथेच राहिले, त्याच्या भोवती हिरवे पीक आले आणि गवत घटले. म्हणून न्यूझीलंडच्या लाल हरणाशी काळविटाची तुलना जमत नाही. तिथे जनावर नवे होते, इथे पीक नवे आहे.

चिंकारा: हेही मोकळ्या रानातील हरीण आहे. लहान गटाने राहते आणि पिकाचे नुकसान तुलनेने कमी करते.

सांबर व भेकर: अकोले तालुक्यातील कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या बाजूला, डोंगराकडेच्या शेतांत.

रानडुक्कर: ऊस, मका, भुईमूग, हरभरा, कंदपिके. रात्री कळपाने येते, खाते त्यापेक्षा तुडवून व उकरून जास्त नासधूस करते.

नुकसान कोणी केले ते ओळखा

उपाय निवडण्याआधी आणि पंचनाम्याच्या वेळी हे महत्त्वाचे असते.

- काळवीट: वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, म्हणून शेंडा ओढून तोडल्यासारखा, कड ओबडधोबड दिसते. खूर लहान, टोकदार. लेंड्या बऱ्याचदा एकाच जागी ढिगाने.
- ससा: कोवळा शेंडा सुरीने कापल्यासारखा तिरका. हरभऱ्यात सशाचे नुकसान अनेकदा हरणाच्या नावावर जाते.
- रानडुक्कर: जमीन नांगरल्यासारखी उकरलेली, भुईमुगाचे वेल उपटलेले, मक्याची ताटे आडवी, उसाचा चोथा चघळून टाकलेला.
- मोकाट गुरे: मोठे गोल खूर, शेण, बांधाच्या एकाच बाजूने आत आल्याच्या खुणा.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ९ नुसार वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. कलम ११ मध्ये अपवाद दिले आहेत आणि ते अनुसूचीप्रमाणे वेगवेगळे आहेत. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यानंतरची स्थिती अशी:

अनुसूची १ (काळवीट, चिंकारा, बिबट्या, लांडगा इ.): जनावर माणसाच्या जिवाला धोकादायक झाले असेल किंवा बरे न होण्याइतके जखमी अथवा आजारी असेल तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक परवानगी देऊ शकतात. पिकाचे नुकसान हे कारण यात नाही. अनुसूची १ मधील प्राण्याच्या शिकारीला कमीत कमी ३ वर्षे आणि ७ वर्षांपर्यंत कैद व दंड आहे.

अनुसूची २ (रानडुक्कर, रोही इ.): जनावर माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला, त्यात उभे पीकही आले, धोकादायक झाले असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रात रानडुक्कर व रोहीबाबत हे अधिकार स्थानिक वनाधिकाऱ्यांपर्यंत देण्यात आले आहेत.

'उपद्रवी' घोषणा: कलम ६२ नुसार केंद्र सरकार अनुसूची २ मधील प्राणी ठरावीक भागासाठी व ठरावीक काळासाठी उपद्रवी जाहीर करू शकते. २०१५-१६ मध्ये बिहारमध्ये रोही व रानडुक्कर, उत्तराखंडमध्ये रानडुक्कर आणि हिमाचल प्रदेशात माकड यांच्याबाबत असे झाले होते. अनुसूची १ मधील प्राण्याला हे कलम लागू होत नाही. त्यामुळे 'काळवीट उपद्रवी जाहीर करा' या मागणीला सध्याच्या कायद्यात वाट नाही.

काळविटासाठी मारण्याखेरीज दुसरा मार्ग म्हणजे पकडून दुसरीकडे सोडणे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील शाजापूर भागात तेथील वन विभागाने हेलिकॉप्टरने कळप हाकून, नरसाळ्याच्या आकाराच्या पडद्याच्या कुंपणात आणून, ८०० हून अधिक काळवीट पकडले व दूरच्या अभयारण्यांत सोडले. याला 'बोमा' पद्धत म्हणतात. काळवीट घाबरट असते, हाताने पकडताना धक्क्यानेच दगावते, म्हणून हे काम प्रशिक्षित पथकच करू शकते. आपल्या भागात अशी मागणी करायची तर ग्रामसभेचा ठराव आणि नुकसानीच्या नोंदी सोबत असाव्यात.

रानडुकराच्या शिकारीचा परवाना: काय लक्षात घ्यावे?

१. वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज करावा. गट क्रमांक, पीक, नुकसानीचे दिवस, छायाचित्रे जोडावीत.
२. परवान्यात दिलेली जागा, कालावधी व संख्या यांबाहेर जाऊ नये. एका गावाचा परवाना दुसऱ्या गावात चालत नाही.
३. परवानाधारक बंदूक असलेल्या जाणत्या व्यक्तीनेच गोळी चालवावी. गावठी बंदूक वापरणे हा वेगळा गुन्हा आहे.
४. मारलेले जनावर कलम ३९ नुसार शासनाची मालमत्ता असते. मांस खाणे, वाटणे किंवा विकणे गुन्हा आहे. तत्काळ वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यावा.
५. उभ्या उसात रात्री गोळी चालवू नये. उसात बिबट्या असू शकतो, शेजारी पाणी धरायला माणूस आलेला असू शकतो.

परवाना मिळाला तरी तो शेवटचा उपाय समजावा. कुंपण व राखण नसेल तर पुढच्या आठवड्यात दुसरा कळप येतो.

पीक वाचवण्याचे उपाय

१) काळविटासाठी: पहिले ३० ते ४० दिवस सांभाळा

काळविटाचा मुख्य त्रास कोवळ्या पिकाला होतो. सगळ्या हंगामाची राखण परवडत नाही, पण उगवणीनंतरचा पहिला महिना-सव्वा महिना राखला तर मोठे नुकसान टळते.

- एकाच वेळी पेरणी: शिवारातील शेतकऱ्यांनी शक्यतो एकाच आठवड्यात पेरावे. सगळ्यात आधी आणि सगळ्यात शेवटी उगवलेल्या शेतावर कळपाचा भार जास्त पडतो. एकदम उगवले तर तो भार वाटला जातो.
- राखणीची वेळ: काळवीट दिवसा चरते, म्हणून सकाळी दिवस उगवल्यापासून दोन-तीन तास आणि दुपारी चारनंतर अंधार पडेपर्यंत माणूस शेतात असावा. चार-पाच शेतकऱ्यांनी पाळी लावून घ्यावी.
- साड्यांचे कुंपण, चमकपट्टी: जुन्या साड्या बांधावर ताणून बांधल्याने पलीकडचे दिसत नाही आणि काळवीट बिचकते. हा उपाय दोन-तीन आठवडेच चालतो. म्हणून पेरणीच्या दिवशी न बांधता उगवण दिसू लागल्यावर बांधावा, रंग व जागा बदलत राहावे. बुजगावणेही रोज हलवावे.
- करडईचा पट्टा: हरभरा किंवा गव्हाभोवती करडईच्या चार-सहा ओळींची आपली जुनी पद्धत उपयोगी आहे. मात्र करडईला काटे ती उंच वाढू लागल्यावर येतात. कोवळी करडई जनावर खाते. म्हणून या पट्ट्याचा फायदा फुलोरा व घाटे भरण्याच्या काळात होतो. रोप अवस्थेसाठी राखण किंवा कुंपण लागतेच.
- खाल्लेले पीक लगेच मोडू नका: ज्वारीचा वाढीचा कोंब सुरुवातीचे काही आठवडे जमिनीलगत असतो. फक्त पाने खाल्ली असतील आणि रोप उपटले नसेल तर ओल असल्यास ते पुन्हा फुटते. हरभऱ्याचे शेंडे लवकर खुडले गेले तर फांद्या वाढतात. आठ-दहा दिवस पाहून रोपांची संख्या मोजावी, मगच नांगे भरायचे की दुबार पेरायचे ते ठरवावे. फुले व घाटे खाल्ले गेले तर मात्र भरून निघत नाही.

२) रानडुकरासाठी: रात्र आणि जमिनीलगतची तार

- सौर कुंपण (झटका मशीन): यात बारा व्होल्टच्या बॅटरीवरून क्षणभराचा झटका बसतो, तो जीव घेत नाही. रानडुकरासाठी खालची तार जमिनीपासून अर्ध्या फुटावर आणि दुसरी दीड फुटावर असावी. काळवीटही येत असेल तर वर आणखी तारा घेऊन उंची चार-पाच फूट करावी.
- अर्थिंग: मुरमाड, कोरड्या जमिनीत अर्थिंग कमी पडते आणि झटका बसत नाही. अर्थिंगच्या सळया ओलसर जागी खोल ठोकाव्यात, भोवती कोळसा-मीठ भरून उन्हाळ्यात पाणी टाकावे.
- गवत: तारेला गवत किंवा पिकाची पाने टेकली की झटका उतरतो. आठवड्याला तारेखालचे गवत काढावे. जागोजागी सूचना फलक लावावेत.
- गटाने कुंपण: एकट्याच्या एका एकराला कुंपण केले तर डुकरे शेजारच्याकडे जातात. सलग पाच-दहा शेतकऱ्यांनी बाहेरून एकच कुंपण घातले तर प्रति एकर खर्च कमी येतो.
- लपण काढा: शेताला लागून असलेली वेडी बाभूळ, घाणेरीची झुडपे ही डुकरांची दिवसाची जागा असते. आपल्या हद्दीतील लपण साफ करावे.

डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून वन विभाग संवेदनशील गावांना सौर कुंपणासाठी अनुदान देतो. आपले गाव यादीत आहे का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावे. पीकनिहाय सल्ल्यासाठी राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ तसेच बाभळेश्वर आणि दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्रांशी संपर्क साधावा.

३) गावपातळीवर

माळरानावर व वनजमिनीवर गवत टिकले तर कळपाचा शेतावरचा भार कमी होतो. मोकळ्या माळावर दाट झाडे लावल्याने काळविटाचे कुरण घटते, म्हणून वृक्षलागवडीची जागा ठरवताना ग्रामपंचायतीने वन विभागाशी बोलावे. उन्हाळ्यात पाणवठे शिवाराकडे न ठेवता रानाच्या आतल्या बाजूला भरावेत. गावात मोकाट कुत्र्यांना व गुरांना आवर घालावा. आपल्या माळावरचा लांडगा काळविटाची संख्या फुकटात राखतो. विष घालून लांडगा मारला तर हरणे वाढतात आणि नुकसान आपलेच होते.

हे कधीही करू नये

- कुंपणात थेट वीज: यात जनावराआधी पाणी धरायला गेलेला शेजारी, मजूर किंवा घरचेच माणूस जाते. वीजचोरीबरोबर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो.
- गावठी बॉम्ब: डुकरांसाठी ठेवलेला बॉम्ब गाय-बैल चावतात आणि जबडा फुटून जनावर जाते. लहान मुलांनाही धोका असतो.
- फासे: तारेच्या फासात बिबट्या, लांडगा अडकतो. जखमी बिबट्या गावासाठी जास्त धोकादायक असतो.
- विषारी आमिष: कुत्री, गुरे, मोर मरतात, पाणी दूषित होते.

नुकसान झाले तर: क्रमाने काय करावे?

१. पहिल्याच दिवशी मोबाईलवर ठिकाण व वेळ दिसेल असे फोटो काढावेत. खुरांचे ठसे, लेंड्या, खाल्लेले शेंडे यांचे जवळून आणि पूर्ण शेताचे लांबून.
२. तीन दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे.
३. पंचनामा होईपर्यंत शेत मोडू नये. दुबार पेरणी तातडीची असेल तर एक कोपरा तसाच ठेवावा.
४. पंचनाम्यात जनावर, पीक, अवस्था व क्षेत्र बरोबर लिहिले आहे का ते वाचूनच सही करावी.
५. सातबारा, पीकपेऱ्याची नोंद, आधार व बँक पासबुकाची प्रत जोडावी. ई-पीक पाहणी केलेली नसेल तर इथेच अडते, म्हणून ती वेळेत करावी.
६. वनजमिनीवर अतिक्रमण करून घेतलेल्या पिकाला भरपाई मिळत नाही.

पीक विमा: वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान खरीप २०२६ पासून पंतप्रधान पीक विमा योजनेत जोडसंरक्षण म्हणून घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. राज्याने अधिसूचित केलेले जिल्हे व प्राणी यांनाच ते लागू आहे आणि नुकसानीची सूचना ७२ तासांत ॲपवर द्यायची आहे. विमा भरताना आपला जिल्हा त्यात आहे का, हे तपासावे.

कृषी सहायक व विस्तार कार्यकर्त्यांसाठी

बैठकीत शिकारीची मागणी आली की 'कायद्याने बंदी आहे' एवढे सांगून विषय संपवू नये. कोणते जनावर, कोणत्या गटात, कोणत्या तारखेला आणि पिकाच्या कोणत्या अवस्थेत आले, याची गाववार वही ठेवावी. दोन हंगामांच्या नोंदींतून नेमके कोणते बांध आणि कोणते आठवडे धोक्याचे आहेत ते दिसते. रानडुकराचा परवाना, कुंपणाचे अनुदान, काळविटांचे स्थलांतर किंवा विम्यात जिल्ह्याचा समावेश, यांपैकी कोणतीही मागणी पुढे न्यायची तर हीच वही कामाला येते. भरपाईच्या तक्रारी न नोंदवल्यास कागदोपत्री त्या गावात नुकसान झालेलेच नसते.

काळवीट या माळावर आपल्या आधीपासून आहे आणि त्याच्या शेजारी शेती करणे सोपे नाही. त्याचा भार एकट्या कडेच्या शेतकऱ्याने सोसू नये. त्यासाठी पेरणी, राखण आणि कुंपण गटाने करावे, आणि प्रत्येक नुकसानीची तक्रार वेळेत नोंदवावी.